चार बोटं कमी

घरगुती बॅटरीची परवानगी काढणं हा माझ्या हातचा मळ आहे, असं मी मंगळवारी सकाळी चहा पिताना घरात जाहीर केलं.

"दोन दिवसांत कागद आणून देतो," मी म्हणालो. "या शहरातले बॅटरीचे नियम कोणी लिहिले?"

"तुम्ही," बायको म्हणाली. हे उत्तर तिने इतक्या वेळा दिलंय की आता त्यासाठी ती मानसुद्धा वर करत नाही.

"एक ते एकवीस. एकटाकी."

अक्काने नाकातली नळी सारखी केली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या फुप्फुसांनी दोन महिन्यांपूर्वी अर्धवेळ काम करायचं ठरवलं, तेव्हा आम्ही तिला आमच्याकडे आणलं. तिच्याबरोबर तिचं ऑक्सिजनचं मशीन आलं. ते खोलीतली हवा ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढून नळीतून अक्काला देतं आणि दिवसभर लठ्ठ मांजरासारखं घुरघुरतं. त्याला वीज लागते. आणि आमच्या भागात नव्या तारा टाकायचं काम निघाल्यापासून वीज रोज दुपारी दोनला जायची, ती साडेतीनला यायची. त्या वेळेपुरती ऑक्सिजनची एक छोटी टाकी होती. ती एक तास पुरायची. उरलेला अर्धा तास अक्का हलायची नाही, बोलायची नाही, नुसती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. आणि आम्ही दोघं अक्काकडे.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "शुक्रवारी येतो. तोवर बॅटरीची सोय झालेली नसेल तर यांना वॉर्डात हलवतो. माझा नाइलाज आहे."

त्या वॉर्डात अक्का आधी अकरा दिवस काढून आली होती. "पाचला उठवतात," ती म्हणाली, "आणि सहाला विचारतात, झोप लागली का. मी परत जाणार नाही." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

"जायचा प्रश्नच नाही," मी म्हणालो. "नियम माझे आहेत."

बुधवारी सकाळी वायरमन बॅटरी घेऊन आला. दोन फूट बाय दोन फूट, कमरेएवढी उंच, चारही बाजूंनी सारखी. कुठूनही बघा, सारखीच ठोंब्यासारखी उभी.

"कुठे ठेवू?"

"जिन्याखाली," बायको म्हणाली.

मी हसलो. असं हसू माणसाला निवृत्त झाल्यावरच जमतं. पाच वर्षांपूर्वी एका इमारतीत जिन्याखालची बॅटरी पेटली होती आणि वरच्या लोकांना खाली यायला वाट उरली नव्हती. शिड्या लावून त्यांना उतरवलं. कोणी दगावलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात बोलावून सांगितलं की नियम लिही. मी लिहिले, आणि असे लिहिले की त्यातून मुंगीसुद्धा निसटायची नाही. जिन्याखाली नाही. वाटेत नाही. स्वयंपाकघरात नाही. ज्या खोलीत कोणी झोपतं तिथे नाही. आणि कुठल्याही दारापासून, खिडकीपासून 'वा अन्य कोणत्याही नावाने ओळखल्या जाणाऱ्या उघडझापीच्या जागेपासून' तीन फुटांच्या आत नाही. हे शेवटचे शब्द लिहिले त्या दिवशी मी घरी पेढे न घेता नुसताच गेलो होतो, तरी बायकोला आनंद चेहऱ्यावरून कळला होता.

"मग आपल्या घरात कुठे?" तिने विचारलं.

आमचं घर म्हणजे बाहेरची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत अक्का झोपते, आतल्या खोलीत आम्ही.

मी थोडा विचार केला. "अक्का आतल्या खोलीत जाईल. म्हणजे बाहेरची खोली झोपायची राहणार नाही."

"आणि आपण?"

"स्वयंपाकघरात."

"तिथे झोपायला चालतं?"

"बॅटरीला मनाई आहे. माणसांबद्दल नियम गप्प आहे."

बायकोने वायरमनकडे पाहिलं. वायरमनने बॅटरीकडे पाहिलं. माझ्याकडे कोणीच पाहिलं नाही.

अक्काचा पलंग आत गेला, आमच्या गाद्या ओट्याखाली गेल्या. मग मी खडू आणि टेप घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. खोली आठ बाय आठची. एका भिंतीत जिन्याचं दार, एकीत आतल्या खोलीचं, एकीत स्वयंपाकघराचं आणि चौथीत खिडकी. प्रत्येकापासून तीन फूट मोजून रेघा ओढल्या. चारही कोपरे रेघांच्या आत गेले. मोकळी जमीन उरली ती खोलीच्या बरोबर मध्यावर, दोन फूट बाय दोन फूट.

"बघा," मी म्हणालो. "नियमात बसतंय."

बॅटरी खोलीच्या मध्यभागी विराजमान झाली. आमच्या खुर्च्या कडेने भिंतींना लागल्या. खालच्या मजल्यावरचे मास्तर वर्तमानपत्र परत द्यायला आले, ते दारातच थबकले. खोलीभर खुर्च्या, सगळ्यांची तोंडं बॅटरीकडे.

"काही सभा आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बॅटरी बसवतोय."

"हो का. मला वाटलं, बोलणार आहे ती."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून मी खातरजमा म्हणून पुन्हा एकदा टेप लावली, आणि मग आणखी एकदा. खिडकीची चौकट भिंतीच्या पुढे चार बोटं आली होती. आणि अंतर मोजायचं ते भिंतीपासून नव्हे, 'चौकटीच्या सर्वांत पुढे आलेल्या कडेपासून'. हेही माझंच.

"चार बोटं तर आहेत," वायरमन म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

तासाभरात गवंडी आला. खिडकीच नसली तर खिडकीपासून अंतर मोजणार कसं, असा माझा बिनतोड विचार होता. त्याने चौकट उखडली, झडपा काढल्या आणि भराभर विटा रचायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत शेवटची वीट बसली. खोली पेटीसारखी काळोखी झाली.

आतल्या खोलीत अक्का चष्मा लावून माझी नियमांची पुस्तिका वाचत होती. आजारी माणसाने इतकं कोरडं वाचू नये असं मी तिला सांगितलं होतं.

"अरे," तिने हाक मारली. "नियम सात."

"काय त्याचं?"

"ज्या खोलीत बॅटरी असेल," तिने श्वास घेतला, "त्या खोलीत हवा खेळती राहण्यासाठी," आणखी एक श्वास, "बाहेरच्या बाजूला उघडणारी एक तरी खिडकी असणे बंधनकारक राहील." पुस्तिका छातीवर ठेवून ती म्हणाली, "छान लिहिलंयस."

मी बाहेर आलो. गवंडी थापी धूत होता.

"पाडायची आहे," मी म्हणालो.

"कोणती?"

"आता बांधलीत ती."

गवंड्याने माझ्या बायकोकडे पाहून विचारलं, "वहिनी, यांना बरं वाटत नाहीये का?"

"हे रोजच असे असतात," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी त्याने ती भिंत पाडली. पण चौकट उखडताना दुभंगली होती, आणि सुतार म्हणाला सोमवारच्या आत नाही. तेव्हा खिडकीच्या जागी आता एक भलं मोठं भोक होतं. त्यातून समोरच्या इमारतीतली एक बाई आमच्या बॅटरीकडे बघत कपडे वाळत घालत होती.

पावणेदोनला तपासनीस आला. हा माझ्याच हाताखाली तयार झालेला. खिशाच्या कडेला ओळीने टाचण्या खोचलेल्या असायच्या, म्हणून आम्ही सगळे त्याला टाचणी म्हणायचो. आल्या आल्या तो माझ्या पाया पडला आणि उठताना तिथूनच त्याने टेप जमिनीवर सोडली. मला अभिमान वाटला. असंच मी त्याला शिकवलं होतं.

त्याने चारही बाजू मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अंतर तंतोतंत आहे साहेब," तो म्हणाला. "पण खिडकी उघडत नाही."

"अरे, आरपार दिसतंय."

"उघडीच आहे. उघडत नाही. जी बंद होत नाही ती उघडणार कशी? झडप लागेल."

"सोमवारी झडप येईल."

"झडपेबरोबर चौकट येईल ना? मग चार बोटं कमी पडतील."

मी टेकलो. टेकायला बॅटरीच जवळ होती, म्हणून पुन्हा सरळ झालो. "चार बोटांनी काय होतंय?"

"साहेब," तो ओशाळून म्हणाला, "चार बोटांनी काय होतंय असं विचारणाऱ्यांसाठीच नियम असतो. हे तुमचं वाक्य आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली लावलंय मी."

"काढून टाक ते."

"लॅमिनेट केलंय."

मी त्याला आतल्या खोलीत नेलं. अक्का दाखवली, मशीन दाखवलं, उद्या डॉक्टर येणार आहेत हे सांगितलं. त्याने अक्कालाही नमस्कार केला.

"परवानगी मिळेपर्यंत बॅटरी सुरू करता येत नाही," तो म्हणाला. बोलताना त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. "नियम दोन."

"माहीत आहे," मी म्हणालो. "अक्षर न् अक्षर माझंच आहे."

तेवढ्यात दोन वाजले आणि वीज गेली.

मशीन एकदा लांब पिपाणीसारखं वाजलं आणि गप्प झालं. घुरघुर थांबल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. बायको टाकी आणायला धावली. टाकी सकाळच्या हलवाहलवीत विटांच्या ढिगावर आडवी पडली होती. तिने चावी फिरवली, नळी गालाला लावून बघितली, पुन्हा फिरवली.

"अहो," ती म्हणाली, "ही रिकामी आहे. चावी सैल होती."

अक्काने घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून एक मिनिट. साडेतीनपर्यंतचा हिशेब तिने मनात केला असावा, कारण तिने माझा हात धरला आणि तो चांगलाच घट्ट धरला.

टाचणी बाहेरच्या खोलीत गेला. बॅटरीसमोर उभा राहिला. "साहेब, बटण कुठलं?"

आणि आता जे मी सांगतोय ते सांगायची मला लाज वाटते. माझ्या बहिणीला श्वास मिळत नव्हता, तिची बोटं माझ्या मनगटात रुतत होती, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "परवानगी नाही अजून."

बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ती नजर मला नवीन होती.

"हिरवं," अक्का म्हणाली. तिने वायरमनला बसवताना पाहिलं होतं.

टाचणीने हिरवं बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मशीन खाकरलं आणि घुरघुरायला लागलं. अक्काने डोळे मिटले. मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली. समोरच्या बाईने कपडे वाळत घालायचे थांबवले होते.

"तुझी नोकरी जाईल," मी म्हणालो.

"कशाने? नियम एकोणीस. तपासणी अधिकाऱ्यास आवश्यक वाटेल तितका काळ बॅटरी प्रत्यक्ष चालवून पाहता येईल. मी तपासणी करतोय."

"असा नियम नाहीये."

अक्काने उशाखालची पुस्तिका माझ्यापुढे धरली. नियम होता. अठरा आणि वीसच्या मध्ये, अगदी निमूटपणे.

"हा मी लिहिलेला नाही."

"नाही," टाचणी म्हणाला. "मी लिहिला होता. तुम्ही दोनदा खोडलात, अनावश्यक म्हणून. तिसऱ्यांदा मी पुन्हा टाइप केला."

"आणि मी वाचून सही केली?"

तो थोडा घुटमळला. "सही केलीत."

शुक्रवारी डॉक्टर आले. त्यांनी अक्काची छाती तपासली, बॅटरीला प्रदक्षिणा घातली, भोकातून बाहेर डोकावून पाहिलं आणि वॉर्डाचा विषय काढलाच नाही. जाताना म्हणाले, "परवानगी मिळाली ना?"

"तपासणी चालू आहे," अक्का म्हणाली.

ती अजून चालू आहे. पाच महिने झाले. टाचणी दर गुरुवारी येतो, हिरवा दिवा बघतो, वहीत 'आणखी निरीक्षण आवश्यक' असं लिहितो आणि अक्काशी पत्ते खेळतो. हरतो. बायको म्हणते मुद्दाम हरतो, अक्का म्हणते त्याला येतच नाही. मधल्या काळात कार्यालयाकडे माझा अर्जही गेला होता, की चौकटीच्या बाबतीत नियमात चार बोटांची सूट असावी. तो त्यांनी 'मूळ नियम अत्यंत काटेकोरपणे लिहिलेले असल्याने बदलाची गरज दिसत नाही' असं कौतुक करून परत पाठवला.

पण मला रात्रंदिवस एकच गोष्ट खुपते. नियम एकोणीसला मुदत नाही. 'आवश्यक वाटेल तितका काळ' म्हणजे काय? उद्या कोणीही उठून वर्षभर तपासणी करत बसेल. मुदत नसलेला नियम मला बघवत नाही. म्हणून मी दुरुस्तीचा मसुदा लिहायला घेतला: सात दिवसांची कमाल मर्यादा, तीन पानं, पोटकलमांसकट. लिफाफ्यात घालायच्या आत अक्काने तो माझ्या हातातून घेतला, शांतपणे वाचला, चार घड्या केल्या आणि बॅटरीचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सारला.

बॅटरी आता अगदी स्थिर उभी आहे. तिच्याखाली कागद ठेवायला नियमाने सक्त मनाई आहे, पण हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही गुरुवारी टाचणीसमोर बोलू नका.