ओहोळ सरांची धर्मसुधारणा

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दारावर कागद चिकटलेला दिसला की समजायचं, चौथ्या मजल्यावरचे ओहोळ सर पुन्हा कुणाचा तरी निषेध करतायत. कागदावर नंबर घातलेले मुद्दे. गच्चीवरची कबुतरं, जिन्यातल्या चपला, सकाळी सहाला वाजणारे मिक्सर, कुणालाही माफी नाही. वॉचमन कागद फाडायचा. दुसऱ्या दिवशी नवा कागद हजर, खाली एक वाढीव मुद्दा : 'फाडणाऱ्याने कारण लिहावे.'

सर मूळचे नगरकडचे, चार पिढ्यांचे प्रोटेस्टंट. दुबईच्या एका इंडियन शाळेत इतिहास शिकवतात. पाचशे वर्षांपूर्वी एका जर्मन साधूने पोपच्या कारभाराविरुद्ध चर्चच्या दारावर कागद लावला आणि अर्धा युरोप हलवला, हे सरांना इतकं आवडलं की बाकीचा इतिहास त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला. मौर्यांचा धडा काढला की दहाव्या मिनिटाला जर्मनी येते. त्यांच्याच वर्गातली माझी मुलगी घरी येऊन सांगते, "पापा, सर वेन्ट टू जर्मनी अगेन."

"पोपचे लोक पापाच्या माफीची पत्रं विकायचे, जोशी! विकायचे!" असं ते लिफ्टमध्ये माझ्यावर ओरडायचे, जसा काही मीच रोल्लाच्या बाजारात त्या पत्रांचा गाळा टाकून बसलोय.

"वचन दाखव!" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बायबलात लिहिलं नाही ते सरांना मान्य नाही. मेणबत्ती? वचन दाखव. पुतळा? वचन दाखव. गणपतीत आमच्याकडे आले, आरतीच्या वेळी बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि आरती संपताच आत येऊन पाच मोदक हाणले. मी म्हटलं, "सर, मोदकाला वचन आहे का?" म्हणाले, "अन्नाला नावं ठेवू नयेत." अशी ही सोयीची धर्मसुधारणा!

मग व्हायचं तेच झालं. सरांची एकुलती एक रूथ वसईच्या ग्लेनच्या प्रेमात पडली. ग्लेन पक्का कॅथलिक, म्हणजे पोपच्याच गोटातला. लग्न दुबईतल्या ऊद मेथाच्या कॅथलिक चर्चमध्ये, आणि मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं ते बापाने.

सरांनी रूथच्या खोलीच्या दारावर एकतीस मुद्दे लावले. शेवटचा असा : 'मी त्या चर्चची पायरी चढणार नाही. मूर्तीपुढे गुडघा टेकणार नाही.'

घरात दोघंच. रूथची आई ती लहान असतानाच गेली. त्यामुळे मध्यस्थ म्हणून बायकोने मला पिटाळलं. माझ्यासमोरच रूथने सगळे मुद्दे वाचले आणि शांतपणे म्हणाली, "डॅडी, युअर जर्मन मंक मॅरीड अ नन. आय ॲम ओन्ली मॅरीइंग ग्लेन."

या वेळी सरांनी वचन मागितलं नाही. चमत्कारच! पण हटतील तर ते ओहोळ सर कसले? लग्न दोन आठवड्यांवर आलं तरी नन्नाचा पाढा तोच. रूथ डोळे पुसत आमच्याकडे येऊन म्हणाली, "अंकल, ही वोन्ट कम. मी एकटीच चालत जाईन." असा संताप आला म्हणून सांगू! हा बाप की वैरी? बिल्डिंगभर मी तेच सांगत सुटलो, चांगलं तिखटमीठ लावून.

त्या शनिवारी मुलीला क्लासला सोडायला ऊद मेथाला गेलो होतो. चर्चजवळ पार्किंग मिळालं. गाडीतून उतरलो आणि उघड्या दारातून सहज आत पाहिलं. आत सगळी फिलिपिनो मंडळी, प्रार्थना त्यांच्या भाषेत, आणि शेवटच्या बाकावर ओहोळ सर! पुढची बाई उठली की उठत होते, ती बसली की बसत होते. सगळे गुडघ्यांवर गेले तेव्हा सरांनी बाक घट्ट धरला आणि एकेक गुडघा हळूहळू खाली टेकवला.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलंच. "काय सर, चढलात पायरी?"

सर दचकले. "रूथला बोलू नकोस. चौथा शनिवार आहे हा. या प्रार्थनेला आपल्यातलं कुणी नसतं, म्हणून हीच धरली."

"अहो, पण यायचंय तर तिला सांगा की! पोर रडतेय तिकडे."

"त्यांच्यासारखं उठणं-बसणं-टेकणं आमच्या प्रार्थनेत नसतं. नीट जमलं की सांगणार होतो. अरे, मुलीचा बाप मी, लग्नात पहिल्या बाकावर बसणार. बघून उठायला-बसायला पुढे कोण असणार? मी चुकलो की सासरचे हसणार, आणि मान खाली जाणार पोरीची. तिची आई असती तर कोपराने ढोसलं असतं मला. बाकावर दुसरं कुणीच नाही रे आमच्याकडचं."

मला माझ्याच जिभेची लाज वाटली. म्हटलं, "मी बसतो तुमच्या शेजारी. पण आत्ताच्या आत्ता तिला फोन करा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही."

"मग ये," सर म्हणाले. "दोघंही चुकलो तर त्यांना वाटेल, आमच्याकडे अशीच पद्धत असते." आणि तिथेच उन्हात उभं राहून त्यांनी रूथला फोन लावला.