मामाच्या होडीची सरळ रेघ

होडीच्या तळाचा रंग काढणं हे मुळात रसायनशास्त्राचं काम आहे, असं मी मामाला सांगितलं. तेव्हा तो डाव्या हातानं चहा पीत होता, कारण उजवा हात खांद्याच्या ऑपरेशननंतर गळ्यातल्या झोळीत होता. रंग म्हणजे थर, थर आणि लाकूड यांच्यातला बंध तोडला की थर सुटतो. यात ताकदीपेक्षा समज जास्त लागते, आणि समज म्हणाल तर मी एम.एस्सी. आहे. चार दिवस पुरे!

मामा म्हणाला, "बरं."

मामाचं 'बरं' आजवर कुणाच्याही बऱ्यासाठी निघालेलं नाही.

ही होडी मामानं आणि गोदीतल्या मिस्त्रीकाकांनी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी बांधली. दरवर्षी ती पाण्याबाहेर काढायची, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडायचे आणि ते पुन्हा चिकटू नयेत म्हणून खास विषारी रंगाचा नवा हात द्यायचा. यंदा मामाला ते जमणार नव्हतं, पुढंही जमेल असं वाटत नव्हतं. म्हणून त्यानं एका दातांच्या डॉक्टरांशी बोलणं लावलं होतं. शनिवारी सकाळी भरतीला होडी पाण्यात जाणार, डॉक्टर बघायला येणार, आवडली तर घेऊन जाणार.

मी त्या होडीत पोहायला शिकले, वल्हवायला शिकले आणि मामीपासून लपून बसायलाही तिथंच शिकले. मी फारच तोंड पाडलं तेव्हा मामानं अट घातली. घरातल्या कुणी तळ नीट करून दाखवला तर डॉक्टरांना नाही म्हणायला तो तयार होता. 'नीट' या शब्दावर त्यानं उगाचच जोर दिला.

मंगळवारी मी गोदीत हजर झाले. होडी लाकडी घोड्यांवर उभी होती. आधी एका जागी पॉलिश पेपर घासून बघितलं, तर आत वर्तुळात वर्तुळं! मामा दरवर्षी वेगळा रंग लावायचा, म्हणजे वरचा थर झिजला की लगेच कळतं. निळा, लाल, हिरवा, काळा असे बावीस थर मी मोजले आणि वहीत तक्ता केला. मिस्त्रीकाका मागे उभे राहून बघत होते. तक्ता संपल्यावर त्यांनी विचारलं की आता काही काढायचाही विचार आहे का.

काढला. रंग सोडवणारं जेल लावलं, ते उन्हात माझ्याआधी वाळलं. पुन्हा लावलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं. पत्र्यानं खरवडलं, धूळ विषारी म्हणून पाणी मारून घासलं, पडलेला चिखल ताडपत्रीवर गोळा केला. मास्क आणि चष्म्याबाहेर उरलेला माझा चेहरा पोपटाशी मारामारी करून हरल्यासारखा दिसत होता. पण गुरुवारी दुपारपर्यंत तळ लख्ख झाला, वरच्या पांढऱ्या रंगासकट. फक्त दोन्ही बाजूंना, पुढच्या टोकापासून मागपर्यंत, लाकडात एक लांबच लांब ओरखडा होता. कधीतरी धक्क्याला घासली असणार. मी तो लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवला, घासून असा एकजीव केला की बोटालाही लागू नये, आणि वर प्रायमर मारला.

मिस्त्रीकाका जेवून आले. त्यांनी होडीवरून तळहात फिरवला. परत फिरवला. मग चष्मा लावला.

"रेघ कुठाय?"

ती रेघ मामानं होडी पहिल्यांदा तरंगली त्या दिवशी खूण करून, नंतर छिन्नीनं कोरली होती. पाणी नेमकं तिथंवर येतं. रेघेखाली विषारी रंग लावायचा, यंदाचा लाल, रेघेवर साधा पांढरा. बावीस वर्षांत होडीवर ओरखडे शेकडो आले असतील. त्यातला राखायचा तेवढा एकच होता, आणि मी अख्ख्या आठवड्यात सगळ्यात सुबक काम केलं ते त्याच्यावर.

काका म्हणाले, मामाला विचार. ते शक्यच नव्हतं, मामानं त्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावला असता. जुने फोटो शोधले, पण आमच्या घरातल्या प्रत्येक फोटोत रेघेच्या पुढ्यात कुणीतरी दात काढून उभं आहे. शेवटी काकांनी नजरेनं अंदाजे रेघ मारून देण्याची तयारी दाखवली. 'अंदाजे' हा शब्द ऐकून मला कसंसंच झालं. मी म्हटलं, गरज नाही, आर्किमिडीज आहे. काकांना वाटलं कुणी ओळखीचा कारागीर असेल. ते निश्चिंत होऊन दुसऱ्या कामावर गेले, ते थेट शनिवारपर्यंत.

होडी बाहेर काढताना क्रेनच्या काट्यावर आलेलं वजन गोदीच्या नोंदवहीत होतं. मी दर वीत-वीतभर अंतरावर होडीचं माप घेतलं, आकारमान काढलं, किती पाणी बाजूला सारलं जाईल ते काढलं. तीनदा हिशेब केला, तीनदा उत्तर तेच. मग गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं आणि एका टोकाच्या उंचीवरून दुसऱ्या टोकाची उंची केसाइतकी अचूक उतरवून घेतली. शुक्रवारी रेघ तयार. खाली लाल, वर पांढरा. अशी सरळ रेघ त्या गोदीनं पाहिली नसेल.

मामी डबा घेऊन आली. तिनं होडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अगं, एवढी चांगली केलीस तर तो दातवाला लगेच उचलून नेईल की."

हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. वाईट केली तर मामा विकणार आणि चांगली केली तर डॉक्टर मागेच लागणार! तो डबा मी उघडलाही नाही.

शनिवारी मामा आला. तळावरून त्यानं डावा हात फिरवला आणि एकच शब्द बोलला, "गुळगुळीत." माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. डॉक्टर मात्र बोटाच्या पेरानं फळ्या ठोकून बघत होते. होडीला आता 'आ' करा म्हणतात की काय असं वाटलं. त्यांना होडीत बसूनच पाण्यात उतरायचं होतं. मामा, मिस्त्रीकाका आणि ते वर चढले. होडीचा गाडा उतारावरून मागच्या बाजूनं पाण्यात सरकू लागला. त्या उतारावर माणूसही तिरका दिसतो, त्यामुळं कुणाला काही खटकलं नाही.

होडी तरंगली. मागच्या बाजूला लाल पट्टा पाण्यातून वीतभर वर आला. पुढच्या बाजूला तो दिसेचना. पाणी पांढऱ्यावर चढलं होतं. होडी नाक खुपसून तळाशी निघाल्यासारखी दिसत होती.

"पुढून पाणी भरतंय," धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यानं दोर फेकला, तो मामाच्या झोळीत अडकला. मामा तशा अवस्थेत एका हातानं बादली शोधू लागला. डॉक्टरांनी रेघ बघितली, पाणी बघितलं आणि धक्क्याच्या पायरीवर उडी मारली. एक पाय पायरीवर पडला. दुसरा नाही.

मिस्त्रीकाकांनी शांतपणे पुढची फळी उचलली आणि आत हात घातला.

"कोरडं आहे. होडी बुडत नाहीये, रेघ बुडतेय."

तेव्हा मी पायाखाली बघितलं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गोदीची सगळी जमीन समुद्राकडे उतरती केलेली आहे. त्या उतारावर घोड्या, घोड्यांवर होडी. माझी रेघ क्षितिजाला अगदी समांतर होती. होडी नव्हती. हे मी सगळ्यांना खालच्या आवाजात सांगितलं. कोन दोन अंशांपेक्षा कमीच असेल, असंही सांगितलं. त्यानं कुणाला बरं वाटल्याचं दिसलं नाही.

डॉक्टर बुटातलं पाणी ओतत म्हणाले, "होडी छान आहे हो. पण माझ्याकडे येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात. सुट्टीच्या दिवशी तरी मला कुणी घाबरलेलं बघायचं नाहीये." आणि एक पाय फचफचवत निघून गेले.

मामानं रेघेवरून एकदा नजर फिरवली. मग त्यानं काकांना विचारलं, लांबी कुठं सुटली आहे का, रंग कुठं फुगलाय का, थेंबभर तरी पाणी आत आलंय का. काका तिन्हींना नाही म्हणाले.

"मग तळ नीट केलाय," मामा म्हणाला. "राहू दे होडी. नाहीतरी आता हिला घेणार कोण?"

रेघ बदलायची तर होडी पुन्हा बाहेर काढावी लागेल, ते आता पुढच्याच वर्षी. तोवर मी आणि मामा दर रविवारी ती तशीच समुद्रात फिरवतो. जवळून जाणारी प्रत्येक होडी आम्हाला वाचवायला वळते. सुरुवातीला मी थांबून त्यांना उताराचा कोन समजावून सांगायचे. आता आम्ही काही झालेलं नाही म्हणून नुसता हात हलवतो. तर तो बघून आणखी दोन होड्या येतात.