परातीनं पकडलेली चूक

"पाच वाजता दाखवते सर. आपली नवी पद्धत जुनीच्या दुप्पट वेगानं मेमरी देते," असं दामिनीनं टोकावड्याच्या घरून फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. आकडा जुळला तर तिचं काम कंपनीच्या सगळ्या यंत्रांवर चढणार होतं. नाही जुळला, तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा कारभारी असतो. ज्या प्रोग्रामला मेमरीत जागा हवी तो त्याच्याकडे मागतो, काम झालं की परत करतो. दामिनीला मोजायचं होतं, ही जागा द्यायला कारभारी किती वेळ घेतो. दुपारी आकडा आला. दुप्पट वेग कुठला, दहापट हळू! गोगलगायीनंही मागं वळून पाहिलं असतं.

"डोकं धरून बसू नको," आई म्हणाली. "समाजमंदिरात हळदीसाठी गावची भांडी वाटतायत. बाईजामावशीला हात दे जा."

गावची भांडी सांभाळणारी बाईजामावशी मागेल त्याला न बघता नेमका टोप काढून देई. पण दामिनीच्या अंगात मोजणी शिरलेली. दाराशी वही उघडून तिनं एकेकाला अडवलं. नाव काय, भांडं कुठलं, किती वाजले? लिहायला टेकू हवा म्हणून त्याच भांड्यांतली मोठी परात मांडीवर पालथी घेतली.

रांग पार ढाब्यापर्यंत गेली.

"आवर गो," रांगेतली रविना म्हणाली. "नवरा पिवळा होऊन वाळला पण."

"मावशी, एका भांड्याला चार मिनिटं. तुमी लय हळू," दामिनीनं निकाल दिला.

"मी? मी टोप कधीच देऊन मोकळी. माणूस अडकतो तुझ्या वहीपाशी. आणि भाकरीचं पीठ मळायला परात नाय, ती तूच घेऊन बसलीस."

दामिनी ताडकन उठली. तिच्या मोजणीच्या प्रोग्रामातही तेच चाललं होतं! प्रत्येक मागणीची नोंद होत होती, आणि नोंद लिहायला पुन्हा कारभाऱ्याकडूनच जागा मागितली जात होती. ती कारभाऱ्याला नव्हे, स्वतःच्या वहीलाच मोजत होती.

ती परातीसकट घराकडे पळाली. मधल्या सगळ्या नोंदी काढल्या. दहा लाख मागण्यांची फक्त सुरुवातीची आणि शेवटची वेळ घेतली. पाचला दोन मिनिटं कमी असताना आकडा आला. दुप्पट!

"शाब्बास," सर स्पीकरवर म्हणाले. "चूक सापडली कशी?"

"परातीमुळे, सर."

सर लगेच म्हणाले, "बरं. उद्यापासून दर पंधरा मिनिटांनी काय केलंस, किती वेळ लागला, ते लिहून पाठवत जा. कामाचा वेग कळतो."

परात न्यायला आलेली बाईजामावशी दारातूनच म्हणाली, "त्यालापण सांग गो. आधी परात सोड म्हणावं."