आप्पांच्या होडीचं नाक

आमच्या शेजारचे आप्पा कशाचंही आधी नाक बघतात. गंगाखेडच्या स्टँडात एसटी शिरली की हे हळहळणार, "भिंत हाय बघ पोरी, भिंत! समोरचं वारं काय शिव्या देत असंल हिला!" परवा एका लग्नात नवरदेव घोड्यावरून आला. सगळे नवरदेवाला बघायलेत अन् आप्पा घोड्याला. "पुढून निमुळता, मागं रुंद. ह्याला म्हणतात बांधा!"

आप्पा म्हणजे पेठेतलं साड्यांचं दुकान, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग अन् दोन्ही टोकांना सुईसारखी पिळलेली मिशी. समुद्र त्यांनी जन्मात बघितला न्हाई. पण शर्यतीच्या शिडाच्या होड्या, म्हणजे यॉट, त्यावर असं बोलतील की गिऱ्हाईक साडी सोडून होडी घ्यायला निघंल!

खरंच! मी स्वतः ऐकलंय. काठपदराची निळी साडी गादीवर पसरायची, त्यावरून हाताची होडी पळवायची. "ताई, होडी पळताना आपल्याच अंगानं लाट काढती. पाण्याला टेकलेली होडी जितकी लांब, तितकी लाट लांब. अन् लांब लाट जोरात पळती. कळलं?"

"कळलं आप्पा. ह्यात मोरपंखी दाखवा."

हे याड लावलं त्यांच्या पोरानं. शिवादादा गोव्याला अशा होड्या बनवायच्या कारखान्यात हाय. दर रविवारी त्याचा फोन येतो. आधी कसं होतं, आप्पा विचारायचे, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो." "बरं, ठेवतो." संपलं! मग एका रविवारी तो सहज बोलून गेला की आता रुंद, गोल नाकाच्या होड्या बी जिंकायल्यात.

आप्पा ताडकन उठले. "गोल नाक? परातीला शीड लावायलास का? नाक पातळच पाहिजे! पाण्याला कळायच्या आत पुढं गेलं पाहिजे!"

"आप्पा, मागून वारं आलं की पातळ नाक लाटंत खुपसतं. गोल नाक लाटंवर चढतं."

"शर्यत हाय का वरात, मागून वारं यायला!"

झालं, पैज लागली. आप्पांनी घरी दोन होड्या करायच्या. लांबी तीच, शीड तेच, फरक फक्त नाकाचा. गोल नाक जिंकलं तर आप्पांनी मिशी काढायची, पातळ जिंकलं तर शिवादादानं टक्कल करायचं. तेव्हापासून दर रविवारी स्पीकरवर भांडण! सगळी गल्ली ऐकती. मधीच काकू आतून ओरडणार, "अहो, जेवला का इचारा की त्याला!"

"थांब गं, नाकाचं चाललंय!"

होड्या पांगाऱ्याच्या लाकडाच्या. शीड साडीच्या फॉलचं. बुडाला वजन म्हणून दुकानाच्या शटरची दोन कुलपं, म्हणून शटर सध्या दोरीनं बांधलेलं. समुद्र म्हणजे परसातला जनावरांचा लांब हौद. वारं म्हणजे आमचा टेबलफॅन, अन् तो धरायला मी! पहिल्या खेपेला होड्या सोडायच्या आधीच म्हैस आली अन् अर्धा समुद्र पिऊन गेली.

ह्या रविवारी मात्र म्हशीला पार लांब बांधलं. मी मागून फॅन सोडला, पाटीनं पाणी हलवून लाटा काढल्या. पातळ नाकाची झोकात निघाली, पहिल्याच लाटंत नाक खुपसून अडखळली. गोल नाकाची लाटंवर चढली अन् सुर्रकन घसरत हौदाच्या टोकाला! परत सोडल्या. परत तेच! मी नाचायलेच, "आप्पा, मिशी गेली!"

गोल नाकाची होडी आप्पांनी उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली, तिच्या नाकावरून बोट फिरवलं.

"पोराचं बरोबर हाय गं," म्हणले. "लय गोड पळती." मग हळूच, "पर त्याला सांगू नकोस."

"मिशीला भ्यायलात ना!"

"मिशीचं काय, महिन्यात उगवती." ते होडीकडंच बघत होते. "हरलो म्हणलं की भांडण मिटलं. मग बोलू काय त्याच्यासंगं? मला साडीतलं कळतं, त्याला होडीतलं."

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावूनच आणला.

"आप्पा, तुमचा भरवसा न्हाई. मीनूला द्या. मीनू, खरं सांग, कोण आलं पुढं?"

आप्पा माझ्याकडं बघेनात. होडी आधीच कोरडी होती, तरी पुसायलेत.

"काय कळलंच न्हाई रे दादा," मी म्हणले. "ऐनवेळी म्हैस आली."

लांब बांधलेली म्हैस इकडंच बघायलेली.

"मागल्या खेपेला बी म्हैसच आली होती ना?"

"हो. लय पाणी पिती."

शिवादादा हसला. "पिऊ दे तिला," म्हणला. "आप्पाला दे फोन."

आप्पांनी ओल्या हातानं मिशीला पीळ दिला, फोन तोंडासमोर धरला अन् अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "कोण म्हणतं रे गोल नाक?"