नेट कुठंतरी मुरतंय

ड्राफ्ट्समनने "नमस्कार सर" म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. म्हणजे त्याच्या बाजूने त्याने ते मिटलं, नमस्कार केला, लिफ्टच्या खोलीचा नवा नकाशा पडद्यावर लावला, भिंतीची जाडी का वाढवली तेही घसा खरवडून समजावलं. पण पलीकडे आपापल्या घरून मीटिंगला बसलेल्या ऑफिसच्या मंडळींना दिसत होता तो एक डोळा मिटलेला, आ वासलेला गृहस्थ, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. बिचारा बराच वेळ मन लावून बोलत होता. मग फोन वाजला.

"अहो, आहात का तुम्ही?" साहेब विचारत होते.

"आहे ना सर! कधीचा बोलतोय."

"आम्हाला काही पोचलं नाही. तुमचं नेट परत अडकलं."

हे 'परत' त्याच्या वर्मी लागलं. नव्या घरात आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचं नेट रोज अडकायला लागलं होतं, आणि दर वेळी नेमकं त्याचं तोंड उघडं असताना. ऑफिसातल्या कोणा रिकामटेकड्याने त्या आ वासलेल्या तोंडाचा फोटो काढून ठेवला होता. ग्रुपवर कोणी सुट्टी मागितली, कोणाची बदली झाली, कोणाच्या चहात माशी पडली, की उत्तरादाखल ड्राफ्ट्समनचं तोंड येई. तो स्वतःही खाली हसरा चेहरा टाकायचा. करतो काय!

"हे बघा," साहेब म्हणाले, "शुक्रवारी अकराला क्लायंट मीटिंगला येणार. मी बुधवारीच घेतली असती, पण बुधवारी मला सासूबाईंना आणायला स्टेशनवर जायचंय. तेव्हा शुक्रवार. शुक्रवारी तुमचं तोंड हललं पाहिजे. नाही हललं, तर सोमवारपासून रोज ऑफिसला यायचं. माझ्याकडे बघा. मीही घरूनच काम करतो ना? एकदा तरी अडकलोय का?"

फोन ठेवून ड्राफ्ट्समन मटकन खुर्चीत बसला. ऑफिस कुठं, हे घर कुठं! बस, मग ट्रेन, मग पुन्हा बस. सकाळी निघालेला माणूस ऑफिसात पोचेपर्यंत अर्धा संपलेला असणार. घरून काम करायची परवानगी मिळाली म्हणून तर जुनं, गल्लीतलं, दोन खोल्यांचं घर सोडून शहराच्या टोकाला इतक्या लांब आले होते. कामाला वेगळी खोली, आईला वेगळी खोली, बायकोच्या शाळेची बस दारात. सगळा डोलारा त्या एका परवानगीवर उभा होता, आणि परवानगी कोपऱ्यातल्या त्या मिणमिणत्या नेटच्या डबीवर.

एक गोष्ट तेवढी बरी झाली होती. आई रुळली होती. सुरुवातीला तिचं काही खरं नव्हतं. ती दारापाशी खुर्ची टाकून बसायची आणि जिन्याकडे कान लावायची. "इथल्या दारांना फक्त आतून कड्या असतात का रे?" असं तिने एकदा विचारलं. एकदा तर सरळ "मला परत सोड" म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. तेव्हा ड्राफ्ट्समनने तिची समजूत घातली होती, "अगं आई, आपण नवे आहोत. आपणच पुढं व्हायचं. ओळखी वाढव." आणि काय चमत्कार, आई पुढं झाली! आता खालची शिंपीणबाई यायची, समोरचे रिटायर्ड हेडमास्तर यायचे, वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून आली की आधी इकडे डोकावायची. सगळे सोफ्यावर ओळीने बसायचे. फार बोलायचे नाहीत, आपापल्या फोनमध्ये बघत बसायचे, पण बसायचे. माणसांचा सहवास तो सहवास.

"इथली माणसं फार लाघवी आहेत," आई सांगायची. "रोज कोणी ना कोणी येऊन विचारतं, काय म्हणतंय नेट?"

"बघ, त्यांनाही माझी काळजी आहे," ड्राफ्ट्समन बायकोला म्हणाला. त्याला खरंच भरून आलं होतं.

आता शुक्रवारच्या आत काहीतरी करणं भाग होतं. तो लॅपटॉप छातीशी धरून घरभर हिंडला. कामाच्या खोलीत नेट मरगळलेलं, बेडरूममध्ये नुसती धुगधुगी, बाल्कनीत पार गेलेलं. शेवटी फ्रिज आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामधल्या बोळकांडीत, स्टुलावर उभं राहून, मान डावीकडे वाकडी केली की जरा बरं चालायचं. पण तिथं मान सरळ केली की साहेब गायब.

"उतर खाली," बायको शाळेतून आल्या आल्या म्हणाली. "पडशील. आणि पडलास तरी ऑफिसला ते पुढच्या आठवड्यात दिसेल."

"तुला चेष्टा सुचतेय?"

"मग काय करू? जुन्या घरी नेट पळायचं आणि तू रांगायचास. इथं एकदाची जोडी जमली."

त्याने कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीचा आवाज इतका गोड होता की रागावणंच जमेना. तिने त्याला डबी बंद करायला लावली, चालू करायला लावली, वायर काढायला लावली, खोचायला लावली, कपाटावरून टेबलावर आणि टेबलावरून कपाटावर ठेवायला लावली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"आता बघा सर, कसं वाटतंय?"

"माझी कंबर दुखायला लागली. नेट तसंच आहे."

"मग आमच्या ॲपवर तक्रार नोंदवून ठेवा ना सर."

"अहो ताई, ॲप उघडायला नेट लागतं!"

"हो सर," ती तितक्याच गोडीने म्हणाली, "ते स्लो असेल तर थोडा धीर धरा."

शेवटी गुरुवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. पाठीवर पिशवी, कानात एक इअरफोन, तोंडात शीळ. त्याने आपल्या फोनवर स्पीड मोजला आणि फोन ड्राफ्ट्समनच्या नाकासमोर धरला. काटा सरसर चढून पार टोकाला गेला होता.

"फर्स्ट क्लास आहे की सर!"

"आत्ता आहे हो! सकाळी नसतं. संध्याकाळी नसतं."

"असं कसं? नेटला काय सकाळ आणि संध्याकाळ?"

"दुपारी सगळी सामसूम असते तेव्हा पळतं. लोक उठले की बसतं."

त्या माणसाने त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या, भिंत जाड आहे म्हणाला, आरसा काढून ठेवा म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. ड्राफ्ट्समनने आरसा काढला. मग कुठं डोक्यात उजेड पडतोयसं वाटलं. लोक उठले की बसतं. म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. पण कुठं?

उत्तर संध्याकाळी आपल्या पायांनी चालत दारात आलं. बेल वाजली. हेडमास्तर उभे होते, कपाळाला आठ्या, हातात टॅब.

"आई आहेत का?"

"देवळात गेल्यात. या ना, बसा."

"बसत नाही," हेडमास्तर कडक आवाजात म्हणाले. "पण आलोच आहे तर तुम्हाला सांगतो. तुमच्या नेटचं जरा बघा हो काहीतरी. आठवडा झाला, माझ्या बातम्या धड लागत नाहीत. निवेदिका 'आता ठळक' म्हणते आणि थांबते. पुढं काय ठळक? जगात चाललंय काय, पत्ता नाही."

ड्राफ्ट्समनला आधी काही समजेचना. "तुमचं नेट स्लो आहे?"

"आमचं नाही हो. तुमचं! आमचं कनेक्शन तर आम्ही केव्हाच बंद केलं. तुमच्या आईंनी इतक्या आग्रहाने पासवर्ड दिला, वर म्हणाल्या, शेजारी असून वेगळं कशाला? त्यांना नाही कसं म्हणणार? शिंपीणबाईंचीही कुरबुर आहे. त्यांना कपड्यांचे फोटो पाठवायचे असतात, एकेक बाही वेगवेगळी पोचते. नर्सच्या मुलांचा तर खेळात रोज पराभव होतो. मी म्हटलं, थांबा, माणूस नवा आहे, एकदा प्रेमाने सांगून बघू."

हेडमास्तर प्रेमाने सांगून गेले. ड्राफ्ट्समन दाराची कडी धरून उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आख्खी बिल्डिंग त्याच्या नेटवर जेवत होती आणि वर मीठ कमी म्हणून तक्रार करत होती.

आई आली, चपला काढेपर्यंत त्याला दम निघेना.

"आई, तू पासवर्ड वाटलास?"

"वाटला नाही काही. दिला," आई म्हणाली. "तूच म्हणालास ना पुढं हो म्हणून? शिंपीणबाईचं नेट गेलेलं, ती जिन्यात रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, घे आमचं. मग ती आली. मग ती नर्सला घेऊन आली. नाहीतर कोणी दार उघडत होतं का रे?"

"अगं, पण आख्ख्या बिल्डिंगला?"

"तळमजल्यावरचा सायकलवाला राहिलाय अजून."

"आई!"

"काय आई आई? नुसता पासवर्डच तर दिला, दागिने नाही दिले! आणि तो तरी काय, आपल्या जुन्या घरच्या फोनचा नंबर. लक्षात राहावा म्हणून तूच ठेवलास. सगळ्यांना पाठ झालाय आता. मला किती बरं वाटतं माहितीये? तो नंबर कोणीतरी म्हणतंय अजून."

ड्राफ्ट्समनला तो नंबर मोडवेना. पण सोमवारची बस डोळ्यांसमोर उभी होती. त्याने दात-ओठ खात पासवर्ड बदलला. असा बदलला की तो माणसाने बोलून दाखवण्यासारखाच राहिला नाही. आईने सोफ्यावरच्या उशा नीट केल्या, त्या कोणी चुरगळल्या नव्हत्या तरी.

शुक्रवारी सकाळी बेल बऱ्याचदा वाजली. प्रत्येक वेळी आई उठली, दारापाशी काहीतरी पुटपुटली आणि परत आली. दहानंतर बेल वाजायची थांबली. आईने खुर्ची पुन्हा दारापाशी ओढून घेतली, तो आवाज ड्राफ्ट्समनला आतल्या खोलीत ऐकू आला. आवाज कसला, ओरखडाच.

पण अकरा वाजता नेट काय पळालं म्हणता! नकाशा झटक्यात उघडला. तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. क्लायंट खूश. भिंतीची जाडी सगळ्यांना पटली. ऑफिसातल्या त्या रिकामटेकड्याने तर टाळ्या वाजवल्या.

"छान," साहेब म्हणाले. "आता मी समारोप करतो. मुख्य मुद्दा असा की आपली कंप..."

आणि साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. दोन्ही डोळे मिटलेले, बोट वर, आ वासलेला. सगळे वाट बघत राहिले. क्लायंटने घड्याळ पाहिलं, घसा खाकरला आणि नमस्कार करून निघून गेला. मग ड्राफ्ट्समनचा फोन वाजला.

"काय झालं हो? पोचलं का माझं?"

"कंपपर्यंत पोचलं सर. पुढं नाही. क्लायंट गेले."

"कमाल आहे! काल सकाळपासूनच असं होतंय. दुपारी ठीक असतं, सकाळ-संध्याकाळ बसतं. कधी नव्हे ते!"

ड्राफ्ट्समनने कान टवकारले. मग जपून म्हणाला, "सर, एक विचारू? सासूबाई पोचल्या का नीट?"

"बुधवारीच आल्या. आता राहणार आहेत इथंच. का?"

"रुळल्या का?"

"फारच लवकर! आमच्या बिल्डिंगमध्ये मला सहा वर्षांनंतरही कोणी ओळखत नाही. त्यांच्याकडे कालपासून रीघ लागलीये. पण त्याचं काय?"

"सर," ड्राफ्ट्समन म्हणाला, "त्यांना जरा पासवर्डचं विचारून बघता का?"

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. लांबून साहेबांचा चढलेला सूर ऐकू आला. आणि त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज, "अहो जावईबापू, नुसता पासवर्डच तर दिला, दागिने नाही दिले!"

बऱ्याच वेळाने साहेब परत फोनवर आले. आवाज पार बसलेला.

"दिलाय हो. सगळ्यांना."

"बदलून टाका सर. चुटकीसरशी होतं. मी सांगतो कसा बदलायचा."

"सासूबाईंना कोण सांगणार? तुम्ही?" साहेबांनी सुस्कारा सोडला. "माझ्यात नाही ती हिंमत. घरून काम काही खरं नाही. असं करा, सोमवारपासून ऑफिसला या. सगळ्यांनाच कळवतोय. मीही येतो."

"पण सर, माझं नेट तर आता..."

"तुमचं उत्तम आहे हो, पण मला एकट्याला तिथं करमणार नाही," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

ड्राफ्ट्समन खोलीबाहेर आला. आई दारापाशीच होती. तिने त्याचा पडलेला चेहरा बघितला आणि काळजीने विचारलं, "अडकलास का रे पुन्हा?"

"नाही आई. मी नाही अडकलो. सोमवारपासून रोज ऑफिसला जायचंय. सकाळी निघायचं, रात्री यायचं."

"अगं बाई! रोज?"

"रोज."

आई हळहळली. त्याच्या पाठीवरून तिने हात फिरवला, डोळ्याला पदरही लावला. मग जरा थांबली. समोर हेडमास्तरांच्या बंद दाराकडे बघत तिने हलकेच विचारलं, "मग दिवसभर तुझं नेट रिकामंच की रे?"

ड्राफ्ट्समन आत गेला आणि पासवर्ड बदलून पुन्हा जुन्या घरच्या फोनचा नंबर ठेवला.