साहेबांच्या ताटातले टाके

माझी गाठ आजवर कधी सुटलेली नाही! लग्नाची नाही, गोधडीची नाही, धानाच्या पोत्याची तर नाहीच नाही. मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून आमच्या संस्थेचा दवाखाना आहे. तिथल्या ऑपरेशनच्या खोलीत मी वीस वर्षं डॉक्टरांच्या हातात सुई-दोरा देत उभी राहिले. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं बघून बघून शिकले. म्हणून चौऱ्याऐंशी साली श्रीहरी माझ्यासमोर रडकुंडीला आला तेव्हा मी छाती ठोकून म्हणाले, "डॉक्टर, आठ दिवसांत तुमचे हात तयार करून देते! नाही दिले तर अंजनाबाई नाव सांगणार नाही!"

नाव अजून तेच सांगते. पण जरा हळू आवाजात.

श्रीहरी म्हणजे नागपूरहून आलेला शिकाऊ डॉक्टर. आरमोरीकडच्या धानवाल्या घरचा, गावातला पहिलाच. पुस्तक असं पाठ की विचारू नका! पण हातात सुई आली की बोटं एकमेकांना ओळखच देत नसत. त्याने सकाळी घातलेला टाका दुपारी बेपत्ता!

दर महिन्याला नागपूरहून खानझोडे सर यायचे. मोठे सर्जन. भुवया अशा, की त्यात चिमणीने घरटं करावं. मागच्या खेपेला ते त्याला म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात शनिवारी येतो. रविवारी कॅम्प आहे. तुझी गाठ सरकली तर सुईला हात लावायचा नाही, आणि कागदावर माझी सही मिळायची नाही. आणखी सहा महिने राहा इथंच!"

सहा महिन्यांचंही त्याला काही नव्हतं. खरी काळजी होती ती आईची. तिच्या मानेवर लिंबाएवढं आवाळू झालं होतं, आणि ती हट्ट धरून बसली होती. "कापीन तं माह्या श्रीहरीच कापीन! दुसऱ्याले हात लावू देत नाई!" लिंबाचं आता संत्रं होऊ घातलं होतं.

झालं! शिकवणी सुरू.

"गाठीत दोनच गोष्टी," मी सांगितलं. "पहिल्यांदा दोऱ्याची उजवी बाजू वर, मग डावी वर. दोन्ही वेळा उजवीच वर घेतली की ती गाठ नाही, ते नाटक! म्हणा."

"उजवी वर, डावी वर," श्रीहरी म्हणाला. आणि आठ दिवस तेच म्हणत राहिला. जेवताना म्हणायचा, आंघोळ करताना म्हणायचा.

पहिल्या दिवशी गोधडी दिली शिवायला. त्याने गोधडी आणि स्वतःची पँट मिळून एकच केली. उठला तो गोधडीसकट उठला! दुसऱ्या दिवसापासून दिसेल त्याला गाठी. खिडकीच्या गजाला, माझ्या चष्म्याच्या दोरीला, औषधाच्या बाटलीला. चार नंबरच्या खाटेवर लहानू नावाचे म्हातारे होते. त्यांच्याशी बोलता बोलता या पठ्ठ्याने त्यांच्या पायजम्याची नाडी खाटेला बांधली. लहानूभाऊ घाईने उठले, खाट दोन हात मागे मागे आली!

"अंजनाबाई!" ते ओरडले. "ह्या डाक्टर मले बरा करून राह्यला का कैद करून राह्यला?"

"पण गाठ सुटली का, भाऊ?"

"सुटली असती तं मी असा उभा असतो का?"

श्रीहरीचा चेहरा असा उजळला, की मला लहानूभाऊंची नाडी कात्रीने कापताना वाईट वाटलं.

आता कातडीवर हात बसायला हवा होता. आमच्या भागात बोकड सोलत नाहीत. धानाच्या तणसाच्या जाळावर भाजतात, खरडून स्वच्छ करतात आणि कातडीसकट खातात. शनिवारी सकाळी सकाळी मुखरू खाटकाकडून मी बोकडाची एक मांडी आणवली. सुई उकळली, दोरा उकळला. श्रीहरी स्पिरिटची बाटली घेऊन आला तशी मी ओरडले, "खबरदार! अन्न आहे ते. उद्या शिजवायचं आहे आपल्याला!"

आधी मी एक टाका घालून दाखवला, माझ्या शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याने. "हा नमुना. असा आला पाहिजे." मग त्याने दवाखान्याच्या काळ्या रेशमाने चौदा टाके घातले. ओठ हलत होते, उजवी वर, डावी वर. चौदावा झाला आणि मी बघतच राहिले. बोकड जिवंत असता तर चालत घरी गेला असता!

"ही मांडीच सरांना दाखवायची," मी म्हणाले. "दुसरी परीक्षा कशाला?" मांडी ओल्या फडक्यात गुंडाळली, स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली आणि दोघं वॉर्डात गेलो.

सर आले बारा वाजता. कॅम्पच्या पेशंटांना तपासून दोन वाजता म्हणाले, "आधी जेवू. मग बघतो या पोराचे हात."

पाट मांडले. आमची स्वयंपाकीण गुणाबाई लाजत, हसत पातेलं घेऊन आली. लालभडक रस्सा, वर बोटभर तर्री. वास असा, की वॉर्डातले पेशंट उठून बसले!

मी म्हणाले, "गुणाबाई, मटण कुठून आणलंत?"

"कुठून म्हंजे? खुंटीवर नोयतं का!"

मी पातेल्यात डोकावले. "अवं, त्याला दोरे होते ना!"

"होते नं. मुखरू वाट्यावर खुणीचा दोरा बांधते, हे का आज हाये? चार घरचे वाटे एका टोपलीत येते, मंग कोनाचा कोनता कसा समजन? ह्या खेपेले जरा जास्तच बांधले होते. म्हन्लं, साहेबाचा वाटा हाय, म्हून शिंगारला असन!"

"मग काढले का नाही?"

"लय घट्ट होते, माय! नखं तुटले माहे!"

तेवढ्यात पाटावरून सरांचा आवाज आला. "हे काय आहे?"

त्यांच्या दोन बोटांत काळा दोरा होता. श्रीहरी ताटातल्या भातासारखा पांढरा पडला.

"टाका आहे, सर," तो म्हणाला. "माझा."

मग काय लपवणार! मी सगळं सांगून टाकलं, गोधडीपासून मांडीपर्यंत. सरांच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायचं नाव घेईनात. त्यांनी चष्मा लावला आणि गाठ उजेडात धरली.

"गुणाबाई, किती वेळ शिजवलं?"

"दोन घंटे, सायेब. बुढं होतं बोकड."

"दोन तास उकळलं, आणि गाठ सुटली नाही?" सर पाटावर सरळ बसले. "शोधा रे सगळे! आपापल्या ताटात बघा!"

आणि मग एक सर्जन, एक शिकाऊ डॉक्टर, मी आणि पातेल्यात पळी घालून गुणाबाई, अशी चौघांची शोधाशोध सुरू झाली! सापडेल तो टाका सरांच्या ताटाच्या काठावर. चौदाच्या चौदा मिळाले. सगळ्या गाठी जशाच्या तशा.

"हा घ्या, आनखी एक!" गुणाबाईने पळी वर केली. पळीत पांढरा दोरा होता, सरळ, गांडुळासारखा लांब. गाठ बिठ काही नाही. जरा पीळ उरला होता तेवढाच.

सरांनी तो पीळ बघितला. "दोन्ही वेळा उजवी वर. सुटणारच! ही कोणाची?"

मी ताटातला भात चिवडू लागले. शिकवताना माझं तोंड बरोबर सांगत होतं. हात मात्र वीस वर्षं गोधड्यांवर आपलंच खरं करत आले होते!

"माझीच आहे, सर," श्रीहरी म्हणाला. मान खाली, पण आवाज स्वच्छ.

वेडं पोर! संत्र्याएवढं आवाळू गावात वाट बघतंय, आणि हा माझी गाठ आपल्या गळ्यात बांधून घेतोय!

"खोटं बोलतोय, सर!" मी ओरडलेच. "पांढरा दोरा माझा आहे. नमुन्याचा!"

सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भुवया हळूहळू खाली आल्या. "गुणाबाई," ते म्हणाले, "रस्सा वाढा. आणि पोरा, जेवण झाल्यावर कागद आण. सही करतो."

रविवारच्या कॅम्पात श्रीहरीने नऊ जणांना टाके घातले. एकही सरकला नाही.

पंधरा दिवसांनी त्याची आई आली, पदराखाली संत्रं घेऊन. तिला टेबलावर निजवलं. मी नेहमीच्या जागी उभी. आवाळू निघालं, शेवटचा टाका आला, आणि त्याच्याच आईचा तो, म्हणून गाठ मारायला माझेच हात पुढे गेले.

श्रीहरीने मास्कमधून माझ्याकडे बघितलं. फार मायेने बघितलं, तेवढं मात्र सांगते.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही दोरा द्या फक्त. गाठ मी मारतो."