आरिंतोची बाटली

"शिरका संपलेला, बरी सापडली ही," असं म्हणत अँजेलिनानं बाटली उलटी केली आणि शेवटचा थेंब इंदियालाच्या मटणावर झटकला. दारात उभ्या असलेल्या हेन्रीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अगो, ती वाइन होती! पास्कूनं दिलेली! लिस्बनची!"

"वाइन ही? चाखली मी. दात आंबले. बूचपण हातानंच निघालं."

आता मरोळ गावठाणातल्या त्या घरात वाइन म्हणजे नाताळाला मनुकांची करतात ती, लाल आणि गोड. पांढरं आणि आंबट तेवढा शिरका. त्यात तिची चूक ती काय? पण हेन्रीनं मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं. आरिंतो हे पोर्तुगालचं जुनं पांढरं द्राक्ष. बाकीची द्राक्षं कडक उन्हात नुसती गोडमिट्ट होतात. हे मात्र आपला आंबटपणा सोडत नाही. म्हणून तर त्या वाइनचं कौतुक!

"आंबटच असते ती, बाई! तासाभरात पास्कू येईल. शॅरनचं लग्न पक्कं करून हीच बाटली उघडायची, म्हणालाय."

पास्कू म्हणजे त्यांच्या लेकीचा, शॅरनचा होणारा सासरा. जहाजावर आचारी होता आणि मानापमानाचा भारी पक्का. 'माझी भेट मटणात ओतली?' एवढं मनात आलं, तरी तो उठून चालू लागला असता.

हेन्री वाइनच्या दुकानात धावला.

"आरिंतो? अंकल, ती इथं कुठली? नाशिकची शेनिन ब्लां घ्या. पांढरी ती पांढरी!"

घरी येऊन त्यानं पास्कूची बाटली विसळली, नरसाळं लावून नाशिक लिस्बनमध्ये ओतलं आणि बूच ठोकलं. तेवढ्यात बेल वाजली.

लग्न पाच मिनिटांत ठरलं. पण बाटली पाहताच पास्कूला घाम फुटला.

"राहू दे रे हेन्री. चहाच घेऊ ना."

"असं कसं? तुझीच भेट!" नाही उघडली तर संशय येईल, म्हणून हेन्रीनं ग्लास भरले.

पास्कूनं डोळे मिटून घोट घेतला. डोळे उघडले. दुसरा घोट घेतला. मग त्यानं छातीवर क्रूस काढला.

"हेन्री... ही वाइन आहे रे!"

"म्हणजे?"

"आज सकाळी आमची म्हातारी विचारते, माझी शिरक्याची बाटली कुठंय? वाइन तिनं ईस्टरलाच संपवलेली, आणि रिकाम्या बाटलीत ताडीचा शिरका भरलेला! वाटलं, तू पहिला घोट घेशील नि लग्न मोडशील. वाट लागली होती माझी!" त्यानं ग्लास उंचावला. "काना गावच्या लग्नात येशूनं पाण्याची वाइन केली. इथं शिरक्याची झाली! पोरांवर देवाचा हात आहे."

हेन्रीला राहवेना. खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, तोच अँजेलिनानं त्यात केकचा तुकडा कोंबला.

"गप," ती पुटपुटली. "चमत्कार चालू असताना मध्ये बोलू नये."